कुलपाआधीचे महिने

सुरतेत तापी ओलांडून अमरोलीच्या बाजूला गेलं की कोसाड लागतं. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचं छोटं स्टेशन, २००६च्या हद्दवाढीत महापालिकेत आलेलं गाव आणि केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून महापालिकेनं गरिबांसाठी बांधलेली ‘कोसाड आवास’ ही अवाढव्य वसाहत, अशी त्याची ओळख. भोवती खासगी बिल्डरांच्या सोसायट्या आहेत. सुरतेतला मराठी माणूस म्हटलं की लिंबायत, उधना, डिंडोली ही नावं आधी येतात. पण घर जिथे परवडेल तिकडे माणूस जातो, त्याला भाषेची हद्द नसते.

या पट्ट्यातलं घर कसं घेतलं जातं? थोडी बचत, थोडं सोनं, गावाकडच्या भावाकडून काही आणि उरलेलं सगळं ‘लोन’. कमाई हिऱ्याला पैलू पाडायच्या घंटीवर नगाप्रमाणे नाही तर लूमच्या खात्यात मीटरप्रमाणे. हप्ता मात्र तारखेवर. दिवाळीचं वेकेशन लांबलं, मंदी आली, सेठनं पाळी कमी केली, तरी पाच तारखेला खात्यातून पैसे कापायला यंत्र येतंच, आणि खात्यात नसले की बाउन्सचा दंड वेगळा. ऑगस्ट २०२४मध्ये सुरतेतल्या एका बड्या हिरे कंपनीनं सुमारे ५० हजार कारीगरांना दहा दिवसांची सुट्टी जाहीर केली, तेव्हा मंदीची बातमी देशभर झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात गुजरात सरकारनं रत्नकलाकारांसाठी, म्हणजे हिरे कारीगरांसाठी, मदत जाहीर केली. मुलांची वर्षभराची शाळेची फी, १३,५०० रुपयांपर्यंत, सरकार भरणार होतं. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. गुजरात सरकारच्या मदतीत फीचा विचार झाला, घराच्या हप्त्याचा झाला नाही.

हा प्रश्न फक्त सुरतेचा नाही. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव इथल्या यंत्रमागवाल्यांचाही आहे. पण सुरतेत तो जास्त उघडा पडतो, कारण इथे नियमित पगाराची सवयच कमी आणि तारण घेऊन पैसे देणारे भरपूर. आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: कायद्यानं कर्जदाराच्या हातात जे काही दिलंय ते बहुतेक सुरुवातीला दिलंय, आणि कर्जदार जागा होतो तो शेवटी, दारावर कागद चिकटल्यावर.

आधी व्याजाचं बघू, कारण माणूस तिथेच फसतो. समजा १२ लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, २० वर्षं मुदत. हप्ता बसतो १०,७९७ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज ९,००० आणि मुद्दल फक्त १,७९७. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बदलत्या दराच्या कर्जात ही अडीच टक्क्यांची वाढ जशीच्या तशी उतरली, तर वरच्या कर्जाचं महिन्याचं व्याजच होतं ११,५००. म्हणजे १०,७९७चा हप्ता नेमानं भरणाऱ्याचंही कर्ज दर महिन्याला सातशे रुपयांनी वाढणार. ‘तीन वर्षं भरतोय आणि मुद्दल होतं तेवढंच’ ही तक्रार या हिशेबातून येते. ती सगळीच अडाणीपणाची नसते. १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं बजावलं की दर वाढल्यावर कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दर घ्यायचा. आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजापेक्षा कमी पडेल असं होऊ देऊ नका. नियम चांगला आहे. पण तो असल्याचं कर्जदाराला कुणी सांगत नाही. मुदत गुपचूप लांबते आणि चाळिशीतला कारीगर कागदोपत्री सत्तरीपर्यंत हप्ते भरत असतो.

त्याच दिवशी निघालेलं दुसरं परिपत्रक दंडाचं होतं. आधी उशीर झाला की व्याजाच्या दरातच दोन-तीन टक्के जास्त लावले जात आणि तेही मुद्दलात मिसळत. आता दंड हा दंड म्हणूनच लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४पासून लागू झालं, जुन्यांना ३० जून २०२४पर्यंत लावायचं होतं. मूळ व्याज थकलं तर त्यावर चक्रवाढ मात्र चालूच राहते. वरच्या उदाहरणात वर्षभर काहीच भरलं नाही, तर दंड धरलाच नाही तरी १२ लाखांचे १३ लाख १२ हजारांच्या पुढे जातात. कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्यांना सवलत मिळाली, तेव्हाही व्याजावर व्याज लावलं गेलं होतं. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते परत करायला लावलं. न्यायालयाला सांगावं लागलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं.

मराठी माणसाला इथे दामदुपटीचा नियम आठवतो: व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात उच्च न्यायालयानंही हा नियम मानला होता. १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, ते मुख्यतः खतं-कागद हिसकावून जाळण्यासाठी. त्यानंतर १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यानं न्यायाधीशाला कागदामागे जाऊन मूळ व्यवहार, दिलेली रक्कम आणि लावलेलं व्याज तपासायचा अधिकार दिला. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यातही दामदुपटीची मर्यादा आहे. पण हे सगळं सावकारांसाठी. बँकिंग नियमन कायद्यात १९८४मध्ये कलम २१अ आलं आणि बँकेचं व्याज फार आहे या कारणावरून न्यायालयानं तो व्यवहार उघडून पाहायचा नाही, असं ठरलं. तेव्हा बँकेपुढे दामदुपटीचं नाव काढून उपयोग नाही, आणि जो वकील त्या भरवशावर फी घेतो त्याच्यापासून सांभाळून राहावं.

खासगी व्याजखोराची गोष्ट निराळी. सुरतेत ‘पाच टक्के’ म्हणजे महिन्याचे पाच टक्के हे सांगावं लागत नाही. लाखाला वर्षाचे साठ हजार. वीस महिन्यांत दामदुप्पट. गुजरातच्या २०११च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही तारणी कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांवर जाता येत नाही. म्हणजे हा दर कमाल मर्यादेच्या पाचपट आहे. जानेवारी २०२३मध्ये गुजरात पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढली, जागोजागी लोकदरबार भरवले. मोहीम संपली की भाव पुन्हा तोच, ही लोकांची खंत आहे, आणि ती खोटी म्हणवत नाही. यातला खरा धोका दरापेक्षा कागदाचा आहे. व्याजखोर गहाणखत करत नाही. तो घराचं साटाखत, म्हणजे विक्रीचा करार, करून घेतो, किंवा सरळ विक्रीचा दस्तावेज, वर कोरे चेक. व्यवहार कर्जाचा आणि कागद विक्रीचा. आवास योजनेतलं घर ठरलेल्या मुदतीत विकता येत नाही, त्यामुळे नोटरीच्या कागदावर ते विकत घेणाऱ्याला बँक दारात उभी करत नाही. असा माणूस अडला की त्याला व्याजखोराच्याच दाराशी जावं लागतं.

आता कुलपाचा मुख्य रस्ता, म्हणजे सरफेसी कायदा. नरसिंहम समितीनं बँकांच्या थकीत कर्जांवर बोट ठेवलं, अंध्यारुजिना समितीनं न्यायालयाबाहेर वसुलीची वाट सुचवली, आणि २००२मध्ये आधी अध्यादेश, मग कायदा आला. बड्या उद्योगपतींची बुडीत कर्जं हे त्याचं निमित्त. गहाण मालमत्तेवर बँकेनं स्वतःच ताबा घ्यावा, लिलाव करावा, न्यायालयाची आधी परवानगी नको. १८७९च्या कायद्यानं न्यायाधीशाला हिशेबात आणलं होतं. २००२च्या कायद्यानं त्याला दाराबाहेर ठेवलं. मुळात बँकेच्या कारवाईला आव्हान द्यायचं तर दाव्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरा अशी अट होती. गुजरातच्याच मर्डिया केमिकल्सनं त्याविरुद्ध लढा दिला आणि एप्रिल २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट घटनाबाह्य ठरवली. कर्जदाराचा आक्षेप ऐकून त्याला कारणं कळवावीत असंही न्यायालयानं सांगितलं. मग कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३(३अ) आलं. कोसाडच्या सामान्य कर्जदाराच्या हातात उत्तर देण्याचा जो हक्क आहे, तो एका मोठ्या थकबाकीदार कंपनीच्या भांडणातून आलेला आहे. योग असा, की ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांनीच त्यातली ढाल मिळवली, आणि वार मात्र बारक्यांवरही तितकाच बसतो.

क्रम असा आहे. हप्ता चुकला की तीस दिवसांपर्यंत खातं निरीक्षणाच्या पहिल्या पायरीवर, तीस दिवसांनंतर दुसऱ्या, साठ दिवसांनंतर तिसऱ्या. नव्वद दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. त्यानंतर कलम १३(२)ची नोटीस: साठ दिवसांत भरा. किती? इथे बहुतेकांची चूक होते. थकलेले तीन हप्ते मिळून ३२ हजार असतील, पण नोटीस येते पूर्ण १२ लाखांची. घरात रडारड होते आणि लोक हातपाय गाळतात, कारण १२ लाख कुठून आणणार? प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज दोन्ही, भरली तर खातं पुन्हा नियमित धरता येतं. नोव्हेंबर २०२१च्या स्पष्टीकरणानंतर एक-दोन हप्ते टाकून भागत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणजे ३२ हजारांत वाचू शकणारं घर १२ लाखांच्या भीतीनं सोडून दिलं जातं. उलट कुणी एक हप्ता भरून पावती जपून ठेवतो आणि निश्चिंत राहतो, तीही फसगतच.

नोटिशीला लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हिशेब चुकलाय, दंड व्याजात घातलाय, भरलेले हप्ते धरले नाहीत, मुदत न विचारता वाढवली, हे सगळं इथे लिहायचं. पुढे न्यायाधिकरणात हाच कागद कामी येतो. साठ दिवस संपले की बँक सांकेतिक ताबा घेते: दारावर नोटीस आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. सुरतेत ती भाषा गुजराती. ज्या मराठी घरात गुजराती बोलता येतं पण वाचता येत नाही, तिथे ही जाहिरात शेजारी दाखवतो तेव्हा कळते. मग प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. तिथे कर्जदाराची बाजू ऐकली जात नाही. अर्जाची कागदपत्रं पूर्ण आहेत की नाहीत एवढंच तपासलं जातं. एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, फेब्रुवारी २०२२मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं हे काम वकील-आयुक्तालाही देता येतं असं ठरवलं. तो पोलीस घेऊन येतो, पंचनामा होतो, कुलूप लागतं. ‘बँकेनं सील मारलं’ असं लोक म्हणतात ते हेच.

कायदा सगळ्यांना सारखा लागू नाही, हेही कळायला हवं. शेतजमिनीवर तो चालत नाही, एक लाखापर्यंतच्या कर्जाला नाही, आणि एकूण रकमेच्या वीस टक्क्यांहून कमी येणं राहिलं असेल तरीही नाही. बिगरबँक वित्त कंपनीला, म्हणजे जी ‘मॉर्गेज लोन’ देते तिला, तो २० लाखांपासूनच्या कर्जालाच वापरता येतो. गृहवित्त कंपन्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा हात लहान कर्जांपर्यंतही पोचतो. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती थकलंय’ हा नाही, ‘पैसे देणारा कोण आहे’ हा आहे. आठ लाखांच्या कर्जासाठी सरफेसीची धमकी देणारा एजंट खोटं बोलत असू शकतो. एजंटनं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असंही रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२मध्ये बजावलंय.

सहकारी बँकांचा प्रश्न महाराष्ट्रानंच तडीला नेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेविरुद्धचं पांडुरंग चौगुले यांचं प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेलं आणि ५ मे २०२० रोजी निकाल लागला: सरफेसी सहकारी बँकांनाही लागू. पतसंस्थांना अजून तो रस्ता नाही; महाराष्ट्रात त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढतात आणि शेवट तोच, जप्ती. गावची बँक, ओळखीचा संचालक, मग घर थोडंच घेणार, हा भरवसा त्या निकालानंतर ठेवू नये.

लिलावाच्या टप्प्यावर कर्जदाराची बाजू सगळ्यात पडकी. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६च्या दुरुस्तीनं तो हक्क लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच ठेवला, आणि मुंबईच्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात २१ सप्टेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं तो अर्थ पक्का केला. जाहिरात आल्यावर गावची जमीन विकून पैसे आणणारा उशिरा पोचलेला असतो. घर विकून रक्कम उरली तर ती कर्जदाराला परत मिळायला हवी. कमी पडली तर उरलेलं कर्ज त्याच्या मानेवर राहतं. घर गेलं आणि कर्जही फिटलं नाही, अशी दुहेरी गत होते ती इथे. एकरकमी तडजोड हा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे, हेही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१मध्ये सांगून टाकलंय. म्हणून स्वतः गिऱ्हाईक शोधून, बँकेची संमती घेऊन, बाजारभावानं घर विकणं हा लाजेचा नव्हे तर शहाणपणाचा मार्ग. लिलावापेक्षा त्यात हातात चार पैसे जास्त पडतात.

दाद मागायची तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत. दिवाणी कोर्टाचा दरवाजा कायद्यानंच बंद केलाय, उच्च न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. गुजरातची ही न्यायाधिकरणं अहमदाबादेत, त्यावरचं अपील मुंबईत, आणि अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरायची, फार तर पाव भागापर्यंत कमी होते. कोसाडच्या स्टेशनवरून जाणारी गाडी अहमदाबादला जाते खरी, पण सव्वादोनशे किलोमीटर, रोजंदारीचा खाडा, वकिलाची फी आणि पुढची तारीख! सुरतेएवढ्या शहरात, जिथे लाखो लोक कारखान्याच्या मिळकतीवर घराचे हप्ते फेडतात, तिथे न्यायाधिकरणाचं बैठकीचं ठिकाण असू नये, हे मला समर्थनीय वाटत नाही. इंग्लंडमध्ये राहत्या घराचा ताबा घ्यायला साधारणपणे कोर्टाचा आदेश लागतो, आणि १९७०च्या कायद्यानं तिथल्या न्यायाधीशाला, कर्जदार वाजवी काळात थकबाकी फेडू शकेल असं दिसलं तर, ताबा पुढे ढकलता येतो. आपल्याकडे असा अधिकार असलेला माणूस कर्जदाराच्या वाटेत कुठेच भेटत नाही. राहतं घर आणि कारखान्याची शेड या दोन्ही मालमत्ता कायद्यानं एकाच मापानं मोजल्या, हा माझ्या मते सरफेसीतला मूळ दोष आहे. बँकांच्या ठेवी ठेवीदारांच्या आहेत, त्या बुडू नयेत, हे कबूल. पण थकबाकी हप्त्यांची असताना पहिल्याच नोटिशीत पूर्ण कर्ज मागणं आणि मधे कुणीही न ऐकणं, याची गरज ठेवीदारालाही नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्याचा हप्ता अडखळायला लागलाय त्यानं पहिल्याच महिन्यात शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. खातेउतारा मागावा आणि दंड व्याजात मिसळलाय का ते कुणा जाणकाराकडून तपासून घ्यावं. १ ऑक्टोबर २०२४नंतरच्या कर्जात मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत देणं बंधनकारक आहे. सुरतेतल्या मराठी माणसानं ते मराठीत मागावं. बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून बहुतेकदा असतंच. विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, न्यायाधिकरणातही, आणि त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून पाच टक्क्यांनी पैसे उचलू नयेत. घर जायचं असेल तर त्यानं ते लवकर जातं. आणि नोटिशीचं रजिस्टर पाकीट घ्यायला नकार देऊन पोस्टमनला परत पाठवू नये. नाकारलेली नोटीस कायदा पोचलेलीच धरतो, आणि साठ दिवसांची मोजणी नोटिशीवरच्या तारखेपासून सुरू झालेली असते.